जुनं द्या, नवं घ्या

आमच्या आण्णांना अंतर्गळ होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं नाव कुणी काढत नसे. चाकणच्या मार्केटात ते कांद्याची पोती उचलायचे. पोतं तेव्हा गोणपाटाचं. खांद्यावर टॉवेलची घडी, डोक्यावर आईच्या जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ आणि धोतराच्या आत पट्टा. पट्टा पुण्याहून आणलेला होता. कातड्याचा, पुढे मुठीएवढी गादी. ती गादी जांघेतल्या नेमक्या जागी बसवायची आणि मागून बक्कल आवळायचं. तरीही खोकला यायच्या आधी आण्णांचा डावा हात आपोआप तिथे जायचा. आज त्यांची आठवण आली की मला आधी तो हात दिसतो, चेहरा मागून येतो.

रात्री पट्टा खुंटीला टांगलेला असे. लहानपणी मला तो बैलाच्या साजातला वाटायचा. एका पोळ्याला मी तो काढून खिल्लाऱ्याच्या गळ्यात अडकवायला निघालो, तेव्हा आईनं पाठीत असा धपाटा घातला की तो साज कुणाचा हे मला न सांगता समजलं.

आण्णांनी ऑपरेशन का केलं नाही? मार्केटातल्या हमालांचं म्हणणं सरळ होतं. ऑपरेशन केलेला माणूस पुन्हा पोतं उचलत नाही. आणि उचललंच, तर गळ पुन्हा बाहेर येतो. हे नुसतं भ्यालेल्या माणसाचं बोलणं नव्हतं. त्या काळी पोटाची विरलेली भिंत शिवायची म्हणजे दोन्हीकडच्या कडा ओढून एकमेकींना टाचायच्या. विरलेल्या कापडाचं असं केलं तर शिवण टिकते आणि शेजारचं कापड फाटतं, हे गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. तिथे ठिगळच लागतं. सर्जन लोकांनाही ते कळत होतं, पण ठिगळ कशाचं लावायचं? चांदीच्या तारेची जाळी लावून झाली, टँटलम धातूची लावून झाली. धातू वाकून वाकून तुटायचा, टोचायचा. १९५८ मध्ये ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर या सर्जननं प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरली. आधी पॉलिथिलीनची, मग काही वर्षांत पॉलिप्रॉपिलीनची. ताण न देता नुसती जाळी अंथरून शिवायची पद्धत रुळायला मात्र ऐंशीचं दशक संपत आलं. तोवर आण्णांनी पट्ट्याचं बक्कल दोनदा बदललं होतं.

मागच्या वर्षी माझी पाळी आली. मी जन्मात पोतं उचललं नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका शीटमेटलच्या वर्कशॉपात, आणि शेड चाकणच्या अलीकडे हलल्यावर तिथे, मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. सगळ्यात जड वस्तू म्हणजे इश्यू रजिस्टर. डॉक्टर म्हणाले, वय, खोकला, आणि वडिलांना होता का? म्हटलं, होता. म्हणाले, मग झालं तर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, “मटेरियल कुठलं घालणार?”

आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलो, त्यामुळे तोंडातून गेला. डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवरमधून नमुन्याचा एक तुकडा काढला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. तळहाताएवढा, पांढुरका, गजरा बांधलेल्या जाळीदार कापडासारखा. “पॉलिप्रॉपिलीन,” म्हणाले.

मला हसू आलं. पीपी! पीपीला मी काय आज ओळखतो? खोके बांधायची पट्टी पीपीची. शेडवर ताडपत्री आवळायची दोरी पीपीची. आण्णांच्या मार्केटात गोणपाट मागे पडून जी पांढरी पोती आली ती पीपीची. जूलिओ नाट्टा या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये त्याचं नीट स्फटिकासारखं बांधलेलं रूप तयार केलं आणि १९६३ मध्ये त्याला कार्ल त्सीग्लरबरोबर नोबेल मिळालं. तेव्हापासून ते जगभर पसरलं. कांद्याचं पोतं शिवायचं आणि पोत्यानं फाटलेला हमाल शिवायचा, दोन्हीला एकच माल. फरक शुद्धतेचा, धाग्याच्या जाडीचा आणि किमतीचा. किमतीचा तर विचारूच नका.

तुकडा मी बोटांनी ताणून पाहिला. एका बाजूला थोडा ताणतो, दुसऱ्या बाजूला कमी. धागा एकेरी, मच्छीमाराच्या गळाच्या दोरीसारखा, पिळाचा नाही. का, ते डॉक्टरांनी सांगितलं आणि स्टोअरवाल्याला पटेल असंच ते होतं. पिळाच्या धाग्यात बारीक फटी राहतात. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, तो फटीत शिरतो. त्याला खाणारी पांढरी पेशी त्याच्या दहापट मोठी, ती शिरू शकत नाही. म्हणजे चोराला बोळ आणि पोलिसाला भिंत. एकेरी धाग्याला फटीच नाहीत. आणि जाळीची भोकं मोठी हवीत, निदान पाऊणशे मायक्रॉनच्या वर, म्हणजे पेशी, रक्तवाहिन्या, नवं मांस सगळं त्यातून आरपार वाढतं. शरीराला ही जाळी परकी वाटते. ते चिडतं, तिच्याभोवती व्रणाचं घट्ट मांस उभं करतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी भिंत जी उभी राहते ती जाळीची नसते, त्या चिडलेल्या मांसाची असते. जाळीनं फक्त कुठे उभं राहायचं ते दाखवायचं. उसाच्या बेण्याला सरी दाखवावी तसं.

जाळी म्हटल्यावर आम्हा चिंचवडकडच्या माणसांना एक वेगळीच जाळी आठवते. चिंचवड एमआयडीसीच्या डी-१ ब्लॉकमध्ये गरवारे वॉल रोप्स, हल्लीची गरवारे टेक्निकल फायबर्स. १९७६ ची कंपनी. कोकणातल्या कोळ्यांची जाळी, बोटींचे दोर, नॉर्वेच्या फ्योर्डात सामन माशांचे पिंजरे करायची जाळी. गावाला समुद्र नाही, असलीच तर पवना, आणि तिच्यात हल्ली जाळं टाकलं तर मासा सोडून बाकी सगळं मिळेल. पण जगाच्या समुद्रात जाळं या नावाला चिंचवडचा पत्ता आहे. मोशी, रावेत, वाकडला उंच इमारतींच्या कडेनं हिरव्या-निळ्या जाळ्या दिसतात, त्यांतल्या काही माणूस पडला तर झेलण्यासाठी आणि बऱ्याचशा नुसत्या सिमेंट उडू नये म्हणून असतात. खालून बघताना दोन्ही सारख्याच दिसतात. वरून पडणाऱ्याला फरक कळतो.

दोंडाईचाची गोष्ट मला डॉक्टरांनीच सांगितली. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा, मिरचीचं गाव. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. ग्रामीण रुग्णांना बाजारातली जाळी परवडत नाही. मग ठिगळ कशाचं? त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आणखी काही सर्जननी मच्छरदाणीचं कापड घेतलं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचं, न रंगवलेलं, औषध न फवारलेलं. धुऊन, कापून, निर्जंतुक करून ते अंतर्गळाच्या जागी शिवलं. २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीमध्ये त्यांनी वेगवेगळ्या केंद्रांवरच्या ३५९ अंतर्गळांचा अनुभव छापला. ऐकणाऱ्या मोठ्या शहरातल्या मंडळींच्या भुवया वर गेल्या असणार. मच्छरदाणी, पोटात? पण गोष्ट पुढे गेली. आफ्रिकेत गेली. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी होऊन न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. निम्म्यांना महागडी जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या जातीची. वर्षभरानं पाहिलं तर स्वस्त जाळीवाल्यांत एकाचा अंतर्गळ परत आला होता, महागड्या जाळीवाल्यांत कुणाचाच नाही. किंमत एकीची साधारण एक डॉलर, दुसरीची सव्वाशे.

याचा अर्थ घरातली मच्छरदाणी फाडून दवाखान्यात न्यावी असा नाही. पॉलिस्टरची निघाली, कीटकनाशक लावलेली निघाली, तर भलतंच व्हायचं. माल ओळखावा लागतो. टोणगावकरांनी तो ओळखला. खरेदी विभागातल्या माणसाच्या नजरेनं पाहिलं तर मला त्यांचं कौतुक सर्जन म्हणून नंतर वाटलं. आधी वाटलं ते ‘समकक्ष माल’ शोधून काढणारा माणूस म्हणून. आमच्याकडे असा माल शोधणाऱ्याला वर्षाला एक स्टीलचा डबा बक्षीस मिळायचा.

आता स्टोअरचं सांगतो. न सांगता पुढे जाता येत नाही.

शीटमेटलच्या शेडमध्ये प्रेसमधून पत्रा कापून पडतो, तेव्हा त्याच्या कडेला बर्र राहते. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं, आणि कळेपर्यंत बोट कापलेलं असतं. म्हणून हातमोजे. हातमोज्यांच्या जाती माझ्या रॅकवर खालून वर लावलेल्या होत्या. सगळ्यात खाली पांढरे दोऱ्याचे, डझनाच्या भावात. मग तळव्याला रबराचे ठिपके असलेले. मग वेल्डिंगवाल्यांचे चामड्याचे. आणि वरच्या रॅकवर, कुलपात, कट रेझिस्टंट. पिवळे केवलारचे आणि करड्या रंगाचे, ज्यांना सप्लायर एचपीपीई म्हणायचा. त्यांची एक जोडी दोऱ्याच्या जोडीच्या दहापटीच्या पुढे पडायची. म्हणून कुलूप.

केवलारची कथा मी एका सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकली आणि ती डोक्यातून गेली नाही. ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाई टायरमध्ये घालायला हलका, कणखर धागा शोधत होत्या. १९६५ साल. त्यांच्याकडून एक द्रावण तयार झालं, गढूळ आणि ताकासारखं पातळ. चांगलं द्रावण पारदर्शक आणि दाट असतं. धागा ओढायच्या यंत्रावरचा माणूस म्हणाला, हे मी घालणार नाही, माझ्या यंत्राची भोकं तुंबतील. बाई मागे लागल्या. शेवटी त्यानं घातलं, आणि धागा निघाला तो तुटेचना. मला त्या यंत्रावरच्या माणसाची फार ओळख पटते. नियमानं तो बरोबर होता.

एचपीपीईचं आणखी गमतीचं. पॉलिथिलीनच ते, भाजीवाल्याच्या पिशवीचं. साखळ्या फक्त अतिशय लांब, आणि ओढून ओढून सगळ्या एका दिशेला लावलेल्या. पिशवीत त्या शेवयांच्या भांड्यासारख्या गुंतलेल्या, धाग्यात सुताराच्या ओळंब्यासारख्या सरळ. हातात घातला की हातमोजा गार लागतो, कारण हा धागा हाताची ऊब चटकन ओढून नेतो. मे महिन्यात पोरं तेवढ्यासाठी तो मागायची. पण दीडशे अंशांच्या आत वितळतो, म्हणून वेल्डिंगला द्यायचा नाही. केवलार वितळत नाही, पण उन्हात कमजोर होतो आणि ब्लीचिंगनं मरतो. आमच्याकडे तो धुऊन पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. आणि ड्रिल मशीनवर तर कुठलाच हातमोजा नको. फिरत्या बिटनं धागा पकडला की हातमोज्याबरोबर हात आत. प्रेसच्या खाली बोटं गेली तर जगातला कुठलाही धागा वाचवत नाही. तिथे दोन हातांची बटणं आणि लाइट कर्टन लागतो. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवायचो. चार मार्चला, सुरक्षा दिनाला, शपथ वाचायचं काम माझ्याकडे असे.

हातमोज्याच्या पाठीवर ढालीत हातोडा काढलेला असतो आणि खाली आकडे. युरोपातलं प्रमाण, ईएन ३८८. आकड्यांतला दुसरा कापण्याचा. गोल पातं धाग्यावर मागेपुढे फिरवून मोजायचा. पुढे लक्षात आलं की काही धाग्यांत काच किंवा पोलाद गुंफलेलं असतं, त्यानं चाचणीचं पातंच बोथट होतं आणि आकडा फुगतो. म्हणून २०१६ पासून सरळ पात्याची वेगळी चाचणी आली आणि आकड्यांच्या शेवटी एक अक्षर लागलं. चाचणीतलं पातं बोथट होऊ शकतं, हे मला तेव्हा फार मोठं ज्ञान वाटलं होतं.

स्टोअरच्या खिडकीवर पाटी होती: जुनं द्या, नवं घ्या. मी लिहिलेली नव्हती, पण ऑइलपेंटनं दोनदा गिरवलेली माझ्याच हातची. फाटकी जोडी जमा करायची, सुपरवायझरची सही असलेली स्लिप द्यायची, नवी जोडी घ्यायची. नियम वाईट नव्हता. त्यापूर्वी महिन्याला शंभर जोड्या शेडबाहेर जायच्या आणि आठवडे बाजारात मिळायच्या.

२०१२ ची गोष्ट. निलंग्याकडचा एक पोरगा, कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर, महिना झाला होता लागून. सेकंड शिफ्ट. खिडकीशी आला.

“काका, एक जोडी द्या ना. पिवळी.”

“जुनी कुठाय?”

“एकच राहिलाय. दुसरा कुणीतरी नेला.”

“एक म्हणजे जोडी नव्हे. सुपरवायझरची चिठ्ठी आण.”

“ते जेवायला गेलेत.”

“मग आल्यावर ये.”

त्यानं उरलेला हातमोजा कट्ट्यावर ठेवला होता. डाव्या हाताचा. तो मी त्याच्याकडे सरकवला. माझ्या आवाजात राग नव्हता, हे मला पक्कं आठवतं. राग असता तर बरं झालं असतं. माणूस रागात चुकतो असं म्हणता आलं असतं.

तासाभरानं आरडाओरड झाली. जॉब कार्डावर सीटबेल्ट अँकरचा ब्रॅकेट होता. थप्पी लावताना वरचा पत्रा सटकला आणि त्यानं तो उजव्या हातानं झेलला. पडणारी वस्तू माणूस झेलतोच. तळव्यातून दोन बोटांच्या शिरा गेल्या. शिरा म्हणजे त्या बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बिस्किटचा पुडा घेऊन. काय न्यावं हे सुचत नाही तेव्हा माणूस पार्ले-जी नेतो. हात उचलून ठेवलेला, ड्रेसिंग बदलायला सोडलेलं. तळव्यावर काळे टाके, नायलॉनचे. नर्स म्हणाली, हे दहा-बारा दिवसांत निघतील. आतल्या शिरांना निळ्या धाग्यानं जोडलंय, तो नाही निघणार.

“म्हणजे आत राहणार?” पोरानं विचारलं.

“राहणार. तो विरघळत नाही. काही त्रास नाही देत.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग मला म्हणाला, “काका, प्लास्टिकचाच असतो ना तो?”

म्हटलं, हो. पॉलिप्रॉपिलीन. निळा रंग मुद्दाम देतात, रक्तात ओळखू यावा म्हणून. मला ते माहीत होतं. मालाबद्दल मला सगळं माहीत असतं. एक धागा त्याच्या हाताच्या बाहेर असायला हवा होता. तो माझ्या रॅकवर कुलपात होता. म्हणून दुसरा आत गेला.

तीन महिन्यांनी तो परत आला. पॅकिंगला घेतलं. दोन बोटं पुरती वाकत नव्हती, पण पीपीची पट्टी खोक्यावरून ओढून क्लिप मारायला अंगठा आणि उरलेली दोन पुरतात. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी काढलं नाही. वर्षभरानं कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ब्रॅकेट मात्र जातच राहिले. सीटबेल्टचा पट्टा पॉलिस्टरचा, जेमतेम दोन इंचांचा. व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकवायची त्याची पद्धत काढली. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. ती नायलॉनच्या कापडाची, डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. शेडमधून निघणाऱ्या प्रत्येक ब्रॅकेटमागे कुठेतरी एक अनोळखी माणूस अशा दोन कापडांच्या मध्ये बसलेला असतो. चाकणला रस्त्यावर नव्या गाड्यांनी भरलेले ट्रेलर जाताना दिसले की मी अजूनही मनात त्यांचे सीटबेल्ट मोजतो.

नियम मी बदलला नाही. तो माझ्या हातात नव्हता, आणि असता तरी बदलला असता असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. मी एक लबाडी सुरू केली. जमा झालेल्या फाटक्या जोड्या महिन्याला भंगारात जायच्या. त्यातल्या दहा-पंधरा मी टेबलाखाली एका खोक्यात ठेवू लागलो. कुणी मोकळ्या हातानं आला की खोक्यातली एक जोडी काढायची, त्याच्या नावानं जमा दाखवायची आणि वरच्या रॅकमधून नवी द्यायची. रजिस्टरला दोन्ही बाजू जुळायच्या. एकाच फाटक्या जोडीनं चार-चार महिने नोकरी केली. ऑडिटला तीन वेळा माणसं आली, एकालाही कळलं नाही. एकानं उलट शेरा दिला: ‘परतीची शिस्त उत्तम.’

मग २०२० आलं. माझी मुलगी नर्स आहे, त्या वर्षी तिची ड्यूटी कोविड वॉर्डात. देशात मार्चच्या सुरुवातीला अंगभर झाकणारे पीपीई किट जवळपास बनतच नव्हते आणि मे महिन्यात दिवसाला साडेचार लाख बनू लागले. पॉलिप्रॉपिलीनच पुन्हा, पण न विणलेलं. ना माग, ना ताणा, ना बाणा. वितळलेल्या प्लास्टिकचे धागे वाऱ्यानं पसरून एकमेकांवर दाबलेले. वर पॉलिथिलीनचा पातळ थर. आमच्या इचलकरंजीला, जिथं मागांच्या खडखडाटावर पोरं झोपी जातात, तिथल्या डीकेटीई या संस्थेत असल्या न विणलेल्या कापडाचं केंद्र आहे, हे मला तेव्हा कळलं. मुलगी घरी आली की तिच्या बोटांच्या कातडीवर सुरकुत्या असायच्या, सहा तास पाण्यात बुडवल्यासारख्या. घाम बाहेर जायला वाटच नाही. किट घातल्यावर कोण कुठलं कळत नसे, म्हणून नर्स पाठीवर स्केच पेननं नाव लिहायच्या.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाचा एन-९५ सर्फमध्ये भिजवून दोरीवर वाळत घातला होता. मुलीनं तो बघितला आणि म्हणाली, संपला तो. मला वाटलं, भोकं मोठी होत असतील. तसं नाही. एन-९५ चाळणी नाहीच. त्याच्या मधल्या थरातले धागे दोन-चार मायक्रॉनचे, आणि त्यांच्यातली मोकळी जागा विषाणूपेक्षा कितीतरी मोठी. पण धाग्यांवर वीज भरून ठेवलेली असते, कायमची. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांनी ती भरण्याची एक पद्धत काढून १९९५ मध्ये पेटंट मिळवलं. केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे ओढले जातात तसे कण धाग्याकडे ओढले जातात. साबण लागला की ती वीज जाते. मास्क दिसायला तसाच, आणखी स्वच्छ, आणि आतून नुसतं कापड. म्हणून मुलगी पाच कागदी पिशव्यांत पाच मास्क ठेवायची, सहाव्या दिवशी पुन्हा पहिला. पिशव्यांवर वार लिहिलेले. खुंटीवर ओळीनं टांगलेल्या. त्या पाहून मला आण्णांचा पट्टा आठवायचा, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शेड सुरू झाल्यावर मास्क वाटायचं काम आलं स्टोअरकडे. ऑक्टोबरात राज्य सरकारनं मास्कचे दर बांधून दिले, तीन पदरी चार रुपये, एन-९५ एकोणीस ते एकोणपन्नास, आणि साहेबांनी ते पत्रक खिडकीला चिकटवायला सांगितलं. ते चिकटवायला जागा नव्हती. मी जुनी पाटी उतरवली. वापरलेला मास्क जमा कोण करून घेणार? कुणाच्या श्वासाचा तो! पहिल्या दिवशी माणसं खिडकीशी येऊन सवयीनं थांबली. “जुना?” एकानं विचारलं. म्हटलं, नाही लागत. घे.

पाटी पुन्हा लावायची राहून गेली. निवृत्त झालो तेव्हा ती टेबलामागे भिंतीला टेकलेली होती, टेबलाखालच्या खोक्याच्या शेजारी. खोकं नव्या स्टोअरकीपरला काय म्हणून द्यायचं हे न सुचून मी तसंच ठेवून आलो.

ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी घरी. जिना चढताना जांघेत आतून कुणीतरी कापड ओढल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले, ते मांस जाळीत शिरतंय, शिरू द्या. खोकला आला की माझाही हात तिथे जातो, गरज नसताना. डावाच.

परवा दुपारी डिस्चार्जची फाइल काढून बसलो होतो. शेवटच्या पानावर एक स्टिकर आहे. जाळीच्या पाकिटावरचं सोलून लावलेलं. मटेरियल, आकार साडेसात बाय पंधरा सेंटिमीटर, लॉट नंबर, निर्जंतुकीकरणाची खूण, वापरायची मुदत. खाली माझं नाव, पेनानं. माझ्या बिन कार्डांपेक्षा नीट भरलेलं. मी मागेपुढे करून पाहिलं, पान उलटून पाहिलं.

“एवढं काय शोधताय त्यात?” बायकोनं विचारलं.

म्हटलं, “जुनं जमा केल्याची नोंद.”